हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या केनवडात पेन्शनवाल्यांची एक वेगळीच लगबग सुरू होते. सोयाबीन घरात आलेले असते, तूर फुलावर असते, आणि ज्यांचे शेतात जाणे आता संपले आहे अशी सगळी मंडळी आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला कळवायला निघतात. याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या आपल्या नावापुढे सही केली की काम भागत असे. साहेब मान वर करून बघत, आपण मान हलवायची, झाले, एक वर्षाची हयात मंजूर. पुढे २०१४ साली 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय आली. त्यात बोटाचा ठसा द्यावा लागे. आमच्या पिढीची बोटे खडूने, खुरप्याने आणि भांडी घासून इतकी झिजलेली की यंत्र त्यांना ओळखच देईना. मग २०२१ पासून चेहऱ्यावर काम होऊ लागले. मोबाईलसमोर बसायचे, सरळ बघायचे, पापण्या मिटायच्या, उघडायच्या. चेहरा आधार कार्डावरच्या चेहऱ्याशी जुळला की तुम्ही जिवंत.

यंदा आम्ही आमच्या थोरल्या आपाला घेऊन गेलो. आपा चौऱ्याहत्तर वर्षांची. दुल्हाभाई जिल्हा परिषदेच्या नोकरीत होते, त्यांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. सकाळी तिच्या दारात मोटारसायकल उभी केली तर बाहेर यायला तिने अर्धा तास लावला. आली तेव्हा केसांना मेहंदी, डोळ्यांत सुरमा, अंगावर ईदची ओढणी. आम्ही घड्याळ बघत होतो, त्यामुळे यातले काही आमच्या ध्यानात आले नाही. सेवा केंद्रावर पोहोचल्यावर ओळीतल्या दुसऱ्यांच्या ध्यानात आले.

"आपा, एवढं नटून कुठं निघाल्या?" एकाने विचारले.

आपा म्हणाली, "हयातीचा दाखला आहे ना? मग हयात दिसायला नको?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि जरा जास्तच हसलो असे आता वाटते.

यंत्रावर बसलेला पोरगा भला होता. "आजी, चष्मा काढा. इकडं बघा. आता पापण्या मिटा. उघडा." दोनदा झाले, तीनदा झाले. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "काका, चेहरा जुळत नाही म्हणते."

आपा चष्मा पुसत म्हणाली, "चेहरा बदलला असेल बाबा. माणूस तेच आहे."

चौथ्या खेपेला जुळला. येताना ती गाडीवर मागे गप्प बसून होती. आम्हाला वाटले थकली असेल.

त्या रात्री आम्हाला मिर्झा गालिब आठवले. गालिब म्हटले की लोकांना गझल आठवते. आम्हाला त्यांची पत्रे अधिक प्रिय आहेत. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. उर्दू आम्ही घरी, अब्बांच्या मांडीला मांडी लावून शिकलो, आणि ती वऱ्हाडी वळणाची. मिर्झांचे शेर वाचताना आमची दमछाक होते, पण पत्रे वाचताना होत नाही. ती पत्रे म्हणजे एक म्हातारा माणूस पलंगावर बसून आपल्याशी बोलतो आहे, इतकी सोपी. मिर्झांना स्वतःलाही याचा अभिमान होता. आपण पत्रलेखनाचे बोलणे करून टाकले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते ती डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली, आणि त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला मिर्झा दिल्लीत वारले. उर्दूत कादंबरी येण्याआधी कादंबरीतला माणूस या पत्रांत येऊन बसला होता, असे आम्हाला नेहमी वाटते. तो माणूस रुसतो, उधारी मोजतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांची खबर देतो आणि आपल्या म्हातारपणाची थट्टा करतो.

हे मिर्झाही पेन्शनवाले होते, हे आमच्या ओळीतल्या मंडळींना सांगायला हवे होते. चुलत्यांच्या चाकरीच्या मोबदल्यात कुटुंबाला जे इंग्रजांकडून मिळत असे, त्यात त्यांचा वाटा वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट. हा वाटा वाढवून मिळावा म्हणून ते १८२८ साली पार कलकत्त्यापर्यंत गेले. हात हलवत परत आले. १८५७ च्या उठावानंतर होती ती पेन्शनही बंद झाली. बादशहाच्या दरबारातला माणूस, तेव्हा आपण उठावात नव्हतो हे पटवून देता देता तीन वर्षे गेली. १८६० च्या मे महिन्यात पेन्शन पुन्हा सुरू झाली, थकबाकीही मिळाली, आणि ती बहुतेक सगळी सावकारांच्या घरी गेली. पेन्शनच्या कागदासाठी माणसाला काय काय करावे लागते, हे मिर्झांना आपल्यापेक्षा जास्त कळत होते.

आता ते पत्र, ज्यासाठी आम्ही हे सगळे सांगतो आहोत. आग्र्याला मिर्झा हातिम अली मेहर नावाचे त्यांचे स्नेही होते. या मेहर यांचा हुलिया, म्हणजे रूपाचे वर्णन, गालिबांपर्यंत पोहोचला. त्यावर मिर्झांनी जे उत्तर लिहिले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. मूळ उर्दूची लज्जत त्यात येणार नाही.

ते म्हणतात, तुम्ही उंच आहात हे वाचून मला हेवा वाटला नाही, कारण उंचीत मीही कमी नाही. तुमचा रंग गव्हाळ आहे याचाही हेवा वाटला नाही. कारण मी जेव्हा जिवंत होतो तेव्हा माझा रंग चाफ्यासारखा होता, आणि पारखी लोक त्याची तारीफ करत. आता कधी तो रंग आठवला की छातीवरून साप फिरल्यासारखे होते. हेवा वाटला तो एकाच गोष्टीचा. तुमची दाढी छान तुळतुळीत केलेली असते, हे वाचले आणि जुने दिवस आठवून काळजाचे पाणी झाले.

पुढे ते स्वतःचे सांगतात. दाढी-मिशीत पांढरे केस आले. तिसऱ्या दिवशी गालांवर मुंगीची अंडी दिसू लागली. (ज्याने दोन दिवस दाढी केलेली नाही आणि वय पन्नाशीपुढे आहे, त्याने आरशात बघावे. याहून नेमकी उपमा आम्ही वाचलेली नाही.) याहून वाईट म्हणजे समोरचे दोन दात तुटले. तेव्हा नाइलाजाने मिस्सी सोडली आणि दाढीचे घोटणेही सोडले. मिस्सी म्हणजे दात आणि हिरड्या काळ्या रंगवायची पूड. आमच्या आजीच्या डबीत ती असे, आणि त्या काळी हौशी पुरुषही ती लावत. समोरचे दातच नाहीत तर मिस्सी लावायची कशाला, असा साधा हिशेब.

इथे दुसरा कोणी थांबला असता. मिर्झांना मात्र तेवढ्यातही इतरांसारखे दिसणे मंजूर नव्हते. ते लिहितात, या बेढब शहरात सगळ्यांची एकच वर्दी झाली आहे. मुल्ला असो, धोबी असो, भिश्ती असो, विणकर असो की भाजीवाला, तोंडावर दाढी आणि डोक्यावर केस. म्हणून या फकिराने ज्या दिवशी दाढी ठेवली त्याच दिवशी डोके भादरून टाकले.

हे पत्र आम्ही तरुणपणी वाचले तेव्हा पोट धरून हसलो होतो. शाळेच्या शिक्षक खोलीत मोठ्याने वाचून दाखवले होते. आता सदुसष्टाव्या वर्षी वाचताना एका जागी अडखळलो. मी जेव्हा जिवंत होतो तेव्हा, असे लिहिणारा माणूस पत्र लिहितो तेव्हा जिवंत असतो. शिवाय हे पत्र उठावानंतरच्या काळातले आहे. त्या एका वर्षात मिर्झांचे सगे भाऊ यूसुफ गेले. मित्रांतले काही मारले गेले, काही फासावर गेले, काही शहराबाहेर काढले गेले. मुसलमानांना कित्येक महिने दिल्लीत परतायची परवानगी नव्हती. ज्या शहराने त्यांचा चाफ्याचा रंग पाहिला होता, ज्या पारख्यांनी तारीफ केली होती, ते पारखीच राहिले नव्हते. मग या माणसाने आग्र्याच्या मित्राला आपल्या रंगाबद्दल लिहिले, तर ती नुसती ऐट होती का? आपल्याला ज्यांनी तसे पाहिले ते आता कोणी उरले नाही, हे त्याला लिहायचे होते. ते सरळ लिहिता आले नाही म्हणून त्याने दाताचा आणि दाढीचा विनोद केला.

आपाला तिच्या ऐन उमेदीत पाहिलेले आता गावात किती जण उरले, याचा हिशेब आम्ही त्या रात्री केला. दोन्ही हातांची बोटेही लागली नाहीत.

आमच्या ऐटीचे सांगायचे तर तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या निकाहाआधी आम्ही दाढी नीट करायला बसलो होतो. न्हावी पोराने सहज विचारले, "चाचा, काळी करून देऊ का? दहा वर्षं कमी दिसाल." आम्ही त्याला लगेच हदीस ऐकवली. मक्का जिंकली त्या दिवशी हजरत अबू बकर (र.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणले गेले, त्यांचे डोके आणि दाढी पांढऱ्या फुलांसारखी झाली होती. तेव्हा आप (स.) यांनी फर्मावले की हा रंग बदला, पण काळ्यापासून दूर राहा. पोरगा गुपचूप कात्री चालवू लागला. दुकानात बसलेल्या दोघांनी 'माशाअल्लाह' म्हटले आणि आम्ही छाती पुढे काढून बाहेर आलो.

खरे सांगायचे तर आम्हाला अडवले ते हदीसने कमी आणि लोकांच्या हसण्याच्या भीतीने जास्त. निकाहाच्या दिवशी मंडपात कोणी आम्हाला 'आजोबा' म्हणाले तर घरी येऊन तीन दिवस आरशासमोर उभे राहणारेही आम्हीच होतो. घरच्यांनी तेव्हा विचारले, "मेहंदी लावायला कोणी मनाई केली आहे का?" मनाई नव्हतीच. वर सांगितलेली हदीस तर केस रंगवायलाच सांगते. आम्ही सोयीचा अर्धा भाग न्हाव्याला ऐकवला होता. मिर्झांनी दाढी का ठेवली ते निदान खरे सांगितले. ती सुन्नत आहे हे ठाऊक असूनही त्यांनी तो बहाणा पुढे केला नाही. त्यांच्या सगळ्याच सवयी घरात मुलांना सांगण्यासारख्या नाहीत, पण त्या त्यांनी लपवल्याही नाहीत.

त्यांच्या पत्रांत म्हातारपण असे जागोजाग भेटते. आंबे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एका पत्रात ते सांगतात की एके काळी श्वास घ्यायला जागा उरणार नाही इतके आंबे खात असे, आता दहा-बारांच्या वर जात नाहीत, आणि मोठ्या जातीचे असतील तर सहा-सातच. मग लगेच दुःख करतात की तारुण्याचे दिवस गेले, तारुण्याचे काय, आयुष्याचेच गेले. (दहा-बारा आंबे खाऊन तक्रार! आमच्या डॉक्टरांनी गावरान आंब्याची एक फोड मंजूर केली आहे, तीही अर्धी.)

सगळ्यात मोठी ऐट मात्र मरणाच्या बाबतीतली. आपण हिजरी १२७७ साली मरणार, असे भाकीत मिर्झांनी स्वतःच करून ठेवले होते. ते वर्ष १८६०-६१ चे. त्याच सुमारास दिल्लीत पटकीची साथ आली, माणसे पटापट गेली, आणि मिर्झा काही गेले नाहीत. मीर मेहदी मजरूह या शागिर्दाने साथीची खबर विचारली, तर उत्तर आले, कसली साथ? साठी ओलांडलेला एक मर्द आणि साठी ओलांडलेली एक बाई या घरात आहेत, त्यांतला एकही मेला नाही. धिक्कार असो असल्या साथीचा! भाकीत चुकले कसे, याचाही खुलासा त्यांनी केला. भाकीत चुकले नव्हते, पण सगळ्यांबरोबर सार्वजनिक साथीत मरणे मला माझ्या लायकीचे वाटले नाही. म्हणजे दाढी ठेवली तरी इतरांसारखी नाही, आणि मरण आले तरी इतरांसारखे नको.

यावर मजरूह हसले असतील. पण या घरात दोन म्हातारी माणसे आहेत आणि दोघांचे कधी काय होईल सांगता येत नाही, हेही त्यांनी त्यातून वाचले असेल. मिर्झांच्या पत्रांना उत्तरे येत. तफ्ता, मजरूह, अलाई, मेहर ही मंडळी लिहीत, आणि उत्तराला उशीर झाला की मिर्झा भांडत. थट्टा करणाऱ्या म्हाताऱ्याला समोरून जबाब हवा असतो.

इथे आम्हाला एक तक्रार नोंदवायची आहे. त्या साठी ओलांडलेल्या बाईचे, उमराव बेगमचे, काय? मिर्झांनी एका पत्रात आपल्या आयुष्याला तुरुंग म्हटले आहे. जन्म म्हणजे कोठडीत येणे, वयाच्या तेराव्या वर्षी झालेले लग्न म्हणजे जन्मठेप आणि पायातली बेडी. पुढे वाढवायला घेतलेली दोन पोरे म्हणजे हातकड्या. वाचताना हसू येते. पण या बेडीने सात लेकरांना जन्म दिला आणि त्यांतले एकही जगले नाही. जीव लावून वाढवलेला भाचा आरिफ १८५२ साली तरुणपणीच गेला, तेव्हा त्याची लहान मुले पदरात घेणारी तीच. नमाज-रोज्याची पक्की बाई. तिचा रंग चाफ्याचा होता की गव्हाळ, तिचे दात कधी पडले, आरशासमोर ती कधी उभी राहिली का, यातले काही त्या पत्रांत आम्हाला सापडले नाही. म्हाताऱ्या पुरुषाची ऐट साहित्यात जाते आणि म्हाताऱ्या बाईची ऐट ओळीत हसण्यावारी जाते. आम्ही त्या ओळीत होतो, म्हणून हे लिहितो आहोत.

एका म्हाताऱ्या बाईचीच एक रिवायत शमाइल-ए-तिर्मिजीत आली आहे. तिने पैगंबर (स.) यांना विनंती केली की मला जन्नत मिळावी म्हणून दुआ करा. आप (स.) म्हणाले, जन्नतमध्ये कोणी म्हातारी जाणार नाही. ती रडत परत निघाली. तेव्हा आप (स.) यांनी लगेच लोकांना सांगितले, तिला जाऊन सांगा, ती म्हातारी म्हणून जाणार नाही, अल्लाह तिला तरुण करून नेईल. हा किस्सा आम्ही कित्येकदा ऐकला आहे, सांगितलाही आहे, आणि दरवेळी थट्टेपाशीच थांबलो. ती बाई रडत निघाल्यावर तिच्यामागे माणूस धाडला गेला, तिकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला जड जाते. मेहकरला आमचे एक जुने सहकारी राहत. वीस वर्षे एकाच शाळेत होतो. दर आठ-पंधरा दिवसांनी मोबाईलवर त्यांचा काहीतरी संदेश येई. एकदा त्यांनी लिहिले, "नवी कवळी बसवली. हसलो की वाटतं, दुसराच कोणी हसतोय." आम्ही अंगठ्याचे चित्र पाठवले. काही दिवसांनी लिहिले, "आता भाकरी मला खाते." आम्ही हसरा चेहरा पाठवला. मग एकदा लिहिले, "पँटला तिसरं भोक पाडलं पट्ट्यात. कंबर पंचविशीतली झाली, या म्हणावं बघायला." त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते. वाचले आणि ठेवून दिले.

रमजानच्या आधी त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला. मेहकर आमच्यापासून लांब नाही, गाडीला बसले की रस्ता सरळ आहे. जनाज्याला पोहोचलो. मुलाने सांगितले की चार महिन्यांपासून त्यांना गिळायला त्रास होता, वजन उतरत होते, डॉक्टरकडे चला म्हटले की उडवाउडवी करत. घरात एका शब्दाने बोलले नाहीत. आम्ही त्याच्यासमोर उभे होतो आणि ते तीन संदेश आमच्या खिशात होते. कवळी, भाकरी, पट्टा. सगळे त्यांनी लिहिले होते. बघायला या, हेही लिहिले होते.

मौलाना हाली यांनी 'यादगार-ए-गालिब'मध्ये मिर्झांच्या अखेरच्या दिवसांबद्दल सांगितले आहे. ऐकू येईनासे झाले होते, पलंगावरून उठवत नव्हते. नवाब अलाउद्दीन अहमद खान अलाई यांचे तब्येत विचारणारे पत्र आले. मिर्झांनी उत्तर लिहवून घेतले, माझे हाल मला काय विचारता, एक-दोन दिवसांनी शेजाऱ्यांना विचारा. आम्हाला मेहकरची खबर शेजाऱ्याकडूनच कळली. फरक एवढाच की अलाई यांनी विचारले होते.

आठवड्याने आम्ही आपाकडे गेलो. हातात कागद घेऊन गेलो होतो, दाखल्याची पावती द्यायची म्हणून, पण खरे काम ते नव्हते. चहा झाला. मग विचारले, "आपा, त्या दिवशी सुरमा का घातला होतास?"

ती आधी म्हणाली, "हसायचं आहे का अजून?" आम्ही नाही म्हटले. मग तिने कपाटातून एक छोटी बाटली काढून दाखवली. दुल्हाभाई हजला गेले होते तेव्हा मदिन्याहून आणलेला सुरमा. दोन ईदला आणि या एका दिवशी एवढाच घालते, म्हणून अजून पुरला आहे.

"या एका दिवशी का?"

"पेन्शन कोणाची आहे?" ती म्हणाली. "त्यांची. वर्षातून एकदा त्यांच्या कामाला जायचं असतं. तसंच तोंड घेऊन जाऊ का?"

आम्ही काही बोललो नाही. तीच पुढे बोलू लागली. लग्नानंतर वाशीमला त्यांनी एकदा फोटो काढून घेतला होता. फोटोवाल्याने पापणी मिटू नका म्हणून बजावले, आणि हिने नेमकी मिटली. तो फोटो दुल्हाभाईंनी फेकू दिला नाही. डोळे मिटलेली बायको म्हणून आयुष्यभर चिडवले. "आणि आता हा पोरगा म्हणतो पापण्या मिटा," आपा म्हणाली. "मला हसू येत होतं, म्हणून तीनदा चुकलं. तुम्हाला वाटलं म्हातारीला जमत नाही."

निघताना तिने बाटली उजेडात धरून बघितली. तळाशी थोडाच उरला होता. "कोणी उमऱ्याला निघालं तर सांगून ठेव," ती म्हणाली, "आणि त्या पोराला विचार, मेहंदीने फोटो जुळायला अडतो का. पुढच्या वेळी दोन दिवस आधी लावीन, रंग जरा उतरेल."